वर्डप्रेसचं देखभाल अपडेट: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर वरच्या बाजूला पट्टी येते: नवी आवृत्ती उपलब्ध आहे, आता अपडेट करा. साइट नव्यानेच सांभाळायला घेतलेल्या माणसाचं इथे दोनपैकी एक होतं. एक तर तो मागचापुढचा विचार न करता बटण दाबतो, नाहीतर ‘चाललंय ना नीट, मग कशाला हात लावा’ म्हणत त्या पट्टीकडे महिनोन्‌महिने काणाडोळा करतो. छोट्या अपडेटच्या बाबतीत हा दुसरा प्रकार जास्त महागात पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामागचं कारण आधी पाहू, मग प्रत्यक्ष कामाकडे वळू.

आधी आकडा वाचा

६.४ ही मोठी आवृत्ती. ६.४.१, ६.४.२, ६.४.३ ही तिचीच देखभाल अपडेट्स. दुसऱ्या सॉफ्टवेअरची सवय असलेले लोक इथे फसतात. त्यांना वाटतं, ६ चे ७ झाले की मोठा बदल आणि ६.४ चे ६.५ झाले की किरकोळ. वर्डप्रेसमध्ये तसं नाही. ३.९ नंतर ४.० आली ती निव्वळ पुढचा आकडा म्हणून, आणि ६.४ वरून ६.५ ही उडीही तेवढीच मोठी धरायची. त्यामुळे नजर तिसऱ्या आकड्यावर ठेवा. फक्त तोच बदलला असेल तर आतमध्ये चुकांच्या दुरुस्त्या आहेत, कधी सुरक्षेची भोकं बुजवलेली आहेत. मोठी नवी सोय किंवा नवा चेहरामोहरा सहसा नसतो. वर्डप्रेससारख्याच साइट चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालींत, म्हणजे जूमलामध्ये आणि ड्रुपल ८ पासून पुढे ड्रुपलमध्येही, तिसरा आकडा दुरुस्तीचाच असतो, त्यामुळे खाली सांगितलेलं बरंचसं तिथेही लागू पडेल. बटणं तेवढी वेगळी.

आकड्यानंतर घोषणेतला एक शब्द शोधायचा: ‘सुरक्षा’. तो नसेल आणि नुसतं ‘देखभाल’ म्हटलं असेल तर दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी आभाळ कोसळत नाही. तो असेल तर काम आजच उरकायचं.

कारण असं की, दुरुस्ती प्रसिद्ध झाली की भोक कुठे होतं तेही जगजाहीर होतं. जुन्या आणि नव्या फाइली शेजारी शेजारी ठेवल्या की कुठली ओळ बदलली ते कुणालाही दिसतं, आणि त्यावरून हल्ल्याचा कोड लिहायला जाणकाराला फार वेळ लागत नाही. जानेवारी २०१७ मध्ये ४.७.२ आली तेव्हाची गोष्ट पाहा. ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांमध्ये रेस्ट एपीआयमधून (बाहेरच्या प्रोग्रॅमना साइटशी बोलता यावं म्हणून ठेवलेल्या दरवाजातून) लॉग-इन न करताच कुणालाही साइटवरचा मजकूर बदलता येत होता. अपडेट पुरेसं पसरावं म्हणून वर्डप्रेसच्या टीमने या भोकाची वाच्यता जवळपास आठवडाभर टाळली. ती झाल्यावर मात्र ज्यांनी अपडेट केलं नव्हतं अशा साइट्सचा मजकूर घाऊक प्रमाणात विद्रूप केला गेला. ड्रुपलचा अनुभव तर याहून कडक आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ७.३२ आली आणि पुढे ड्रुपलच्या सुरक्षा टीमनेच सांगितलं की, घोषणेनंतर सात तासांच्या आत अपडेट न केलेली प्रत्येक साइट हल्लेखोरांच्या हाती गेली आहे असंच समजून चाला. म्हणजे ‘उद्या सकाळी बघू’ म्हणणाऱ्यांनाही उशीर झाला होता.

छोटी अपडेट्स कधी फसतच नाहीत असं नाही. फेब्रुवारी २०१८ मधल्या ४.९.३ मध्ये अशी चूक राहिली की तिने स्वयंचलित अपडेटची यंत्रणाच बंद पाडली. दुसऱ्याच दिवशी ४.९.४ आली, पण ती अनेकांना हाताने बटण दाबून घ्यावी लागली. असे प्रसंग विरळा, आणि दुरुस्तीही लगोलग येते. म्हणून माझा हिशेब साधा आहे: तिसरा आकडा बदलला तर शक्यतो त्याच दिवशी, दुसरा आकडा बदलला तर त्या आवृत्तीचं पहिलं देखभाल अपडेट येईपर्यंत थांबायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ६.४ आल्यावर काही होस्टिंगवर बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क तुटायला लागला आणि अवघ्या एक-दोन दिवसांत ६.४.१ काढावी लागली. थांबलेल्यांना त्याची झळ लागली नाही. अर्थात हे थांबणं काही आठवड्यांपुरतंच. वर्डप्रेस अधिकृतपणे फक्त सर्वांत ताज्या आवृत्तीची हमी देतं. जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात त्या सौजन्य म्हणून.

पट्टी मुळात दिसतेच का आहे?

हा प्रश्न नवशिके विचारत नाहीत, पण विचारायला हवा. ऑक्टोबर २०१३ मधल्या ३.७ पासून देखभाल अपडेट आपोआप बसतं. तुम्ही काहीच न करता एके दिवशी ‘तुमची साइट अमुक आवृत्तीवर अपडेट झाली’ असा मेल यायला हवा. तसं न होता पट्टी दोन-तीन दिवस तशीच टिकून असेल तर मध्ये काहीतरी आडवं आलंय.

डॅशबोर्डमधलं ‘अपडेट्स’ पान उघडा. स्वयंचलित अपडेट फक्त देखभाल आणि सुरक्षेपुरतं चालू आहे की प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी, ते तिथे एका ओळीत लिहिलेलं असतं. मग ‘साधनं’ मेनूतलं ‘साइट हेल्थ’ पाहा. पार्श्वभूमीतली अपडेट्स चालत नसतील तर तिथे तक्रार नोंदलेली असते. नेहमीची कारणं ठरलेली आहेत. होस्टिंग कंपनीने ही सोय बंद करून स्वतः अपडेट करायचं ठरवलेलं असतं. किंवा आधीच्या डेव्हलपरने कॉन्फिग फाइलमध्ये (साइटच्या मूळ सेटिंग्जच्या फाइलमध्ये) अपडेट बंद करणारी ओळ टाकून ठेवलेली असते. साइटच्या फोल्डरमध्ये गिटचं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं) छुपं फोल्डर असेल तरी वर्डप्रेस आपोआप अपडेट करायचं थांबतं, कारण कोड दुसऱ्या मार्गाने येतोय असं ते धरून चालतं. आणि साइटवर कुणी फिरकतच नसेल तर वर्डप्रेसची वेळापत्रकाची कामंही रखडतात. ती कुणीतरी पान उघडल्यावरच जागी होतात.

त्याच ओघात ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’ पानावर प्रशासकाचा ईमेल पत्ता बघून घ्या. साइट हातात घेतलेल्या नव्या माणसाला तिथे बरेचदा कधीच सोडून गेलेल्या कुणाचा तरी पत्ता सापडतो. अपडेट झाल्याचा, अपडेट फसल्याचा आणि साइट कोसळल्यावर सुटकेची लिंक देणारा, असे सगळे मेल तिथेच जात असतात. पत्ता आजच बदला.

बॅकअप, आणि तो उघडून बघणं

या लेखातला एकच भाग नीट करायचा असेल तर हा करा.

साइटचे दोन तुकडे असतात: फाइली आणि डेटाबेस. वर्डप्रेसचा स्वतःचा कोड केव्हाही पुन्हा उतरवता येतो, त्याची चिंता नको. तुमचं स्वतःचं म्हणावं असं जे आहे ते ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरमध्ये असतं: थीम (साइटचं रूप), प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी), चढवलेली चित्रं. त्याच्या जोडीला मूळ फोल्डरमधली कॉन्फिग फाइल आणि अपाचे सर्व्हर असेल तर एचटीअॅक्सेस नावाची छुपी फाइल. लेख, पानं, कमेंट, वापरकर्ते, सेटिंग्ज हे सगळं मात्र डेटाबेसमध्ये. नुसतं फोल्डर कॉपी करून ‘बॅकअप घेतला’ म्हणणाऱ्याकडे चित्रं असतात, लेख एकही नसतो.

बॅकअपच्या प्लगइनने घेतलात किंवा होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून घेतलात, काहीही चालेल. अट एवढीच की प्रत दुसरीकडे उतरवलेली हवी. प्लगइनची प्रत त्याच सर्व्हरवरच्या त्याच फोल्डरमध्ये पडून असेल तर सर्व्हरसोबत तीही जाईल.

आता ती उघडा. डेटाबेसची फाइल एसक्यूएल प्रकारची असते. दाबलेली असेल तर सोडवून घ्या आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. फाइल फार मोठी असेल तर एडिटर थोडा कण्हतो, उघडू द्या. सुरुवातीला तारीख आणि सर्व्हरची माहिती दिसेल, मग टेबल तयार करण्याच्या आज्ञा. त्यात ‘पोस्ट्स’ने संपणारं नाव असलेलं टेबल शोधा. मग साइटवरच्या सर्वांत ताज्या लेखाच्या शीर्षकातले दोन शब्द शोधाच्या खिडकीत टाका. सापडले तर डेटा आलाय आणि ताजा आलाय. शेवटी फाइलच्या तळाशी जा. एखादी ओळ अर्ध्या वाक्यात, अवतरणचिन्ह न मिटताच तुटली असेल तर निर्यात मध्येच थांबलेली आहे. मोठ्या साइटच्या बाबतीत वेळेची मर्यादा संपून असं होतं. ही फाइल रद्दी समजा आणि नव्याने घ्या. मराठी साइट असेल तर आणखी एक नजर टाका: देवनागरी मजकूर नीट दिसतोय की त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागली आहे? प्रश्नचिन्हं असतील तर निर्यात करताना अक्षरसंच चुकला आहे, आणि ती फाइल परत चढवलीत तर साइटवरही प्रश्नचिन्हंच येतील.

होस्टिंगवाले रोज बॅकअप घेतात हे ऐकून निर्धास्त राहू नका. किती दिवसांचे ठेवतात, डेटाबेस त्यात असतो का, आणि परत चढवायचं काम तुम्ही करायचं की त्यांनी, हे आधीच लेखी विचारून ठेवा. साइट बंद पडल्यावर हे प्रश्न विचारायला सुचत नाहीत.

बटण दाबण्याआधी

गर्दीची वेळ टाळा, पण अपडेटनंतर तासभर तुम्ही स्वतः मोकळे असाल अशीच वेळ धरा. मध्यरात्री बटण दाबून झोपायला जाणं हा काही शहाणपणा नव्हे. कुणी लेख लिहीत बसलं असेल तर त्यांना सेव्ह करून बाहेर पडायला सांगा. सर्व्हरवर मोकळी जागा आहे का ते पाहा. अर्धवट अपडेटमागे डिस्क भरलेली असणं हे फार सामान्य कारण आहे. सध्याची आवृत्ती कुठेतरी लिहून ठेवा.

पूर्वी कुणी वर्डप्रेसच्या मूळ फाइलींमध्ये हाताने बदल केले असतील तर ते या अपडेटबरोबर पुसले जाऊ शकतात. त्याला इलाज नाही. ते बदल तिथे करायचेच नसतात. थीममधले बदल या अपडेटने जात नाहीत, पण थीम अपडेट केली की जातात. त्यासाठी चाइल्ड थीम असते, म्हणजे मूळ थीमला हात न लावता आपले बदल वेगळे ठेवणारी जोड-थीम.

मोठ्या आवृत्तीच्या वेळी आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणी प्रतीवर, करून बघणं योग्यच. देखभाल अपडेटसाठी दुकान चालवणारी किंवा सभासद असलेली साइट वगळता मी तेवढा आग्रह धरणार नाही. त्या तयारीत दोन दिवस गेले तर सुरक्षेची दुरुस्ती दोन दिवस बाहेर ताटकळते.

अपडेट करताना आत काय चालतं

‘अपडेट्स’ पानावर जाऊन बटण दाबा. पडद्यावर एकेक ओळ उमटत जाईल. आत चाललेलं असतं ते असं: नवी झिप फाइल उतरते, ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधल्या ‘अपग्रेड’ फोल्डरमध्ये सोडवली जाते, मग मूळ फोल्डरमध्ये ‘मेन्टेनन्स’ नावाची, पुढे टिंब असलेली छुपी फाइल तयार होते. ती फाइल तिथे आहे तोवर भेट देणाऱ्यांना साइटऐवजी ‘देखभालीसाठी थोडा वेळ बंद, मिनिटभराने या’ अशा अर्थाची ओळ दिसते. या मधल्या वेळात नव्या फाइली जुन्यांच्या जागी बसतात, मग ती छुपी फाइल काढून टाकली जाते, आणि गरज असेल तर शेवटी डेटाबेसची रचना बदलते. छोट्या अपडेटला हे सगळं बहुतेक वेळा मिनिटभरात आटोपतं. तेवढा वेळ टॅब बंद करू नका, मागे जाऊ नका, पुन्हा बटण दाबू नका. काम झाल्यावर नव्या आवृत्तीचं माहितीपान उघडतं. ‘डेटाबेस अपडेट करणं आवश्यक आहे’ असा पडदा आला तर तो नेहमीचाच भाग आहे, पुढे जा.

प्लगइनची अपडेट्सही रांगेत असतील तर मोह आवरा. आधी वर्डप्रेस, मग साइट तपासा, मग प्लगइन एकेक करून. सगळ्यांवर टिक करून एकदम उडवलीत आणि काही बिघडलं, तर दोषी कोण ते शोधत बसावं लागेल.

लगेच काय तपासायचं

डॅशबोर्डच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात आवृत्ती लिहिलेली असते, ती आधी बघा. मग कॅश, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या तयार प्रती, रिकामी करा: कॅशचं प्लगइन, होस्टिंगची कॅश, सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून साइटच्या प्रती पुरवणारी सेवा), जे जे असेल ते. हे न करता तपासलंत तर तुम्ही कालची साइट बघून समाधान मानाल.

त्यानंतर ब्राउझरची खासगी खिडकी उघडा. लॉग-इन केलेल्या माणसाला दिसणारी साइट आणि परक्याला दिसणारी साइट यात फरक असू शकतो. मुखपृष्ठ बघून थांबू नका, तिथे फारसं काही बिघडत नाही. एक जुना लेख उघडा. शोध घेऊन बघा. संपर्काचा फॉर्म खरोखर भरा आणि मेल पोहोचला का ते इनबॉक्समध्ये पाहा. फॉर्म ‘पाठवलं’ म्हणतो आणि मेल कुठेच येत नाही, हा बिघाड महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. दुकान असेल तर एक ऑर्डर पैसे भरण्याच्या पडद्यापर्यंत न्या. मग लॉग-इन करून एक मसुदा उघडा, चित्र चढवा, सेव्ह करा. मोबाइलवरही एक फेरी मारा.

अडकलं तर

देखभालीची ती ओळ हटतच नसेल तर घाबरण्यासारखं काही नाही. अपडेट मध्येच तुटलं आणि छुपी फाइल मागे राहिली, एवढाच त्याचा अर्थ. दहा मिनिटांनी वर्डप्रेस त्या फाइलकडे आपणहून दुर्लक्ष करायला लागतं. तेवढा धीर नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘छुप्या फाइली दाखवा’ हा पर्याय चालू करा (तो बंद असल्यामुळे अनेकांना फाइल ‘नाहीच’ असं वाटतं) आणि ती काढून टाका. पण साइट दिसायला लागली म्हणजे काम झालं असं नव्हे. काही फाइली नव्या, काही जुन्या अशी खिचडी झालेली असू शकते. ‘अपडेट्स’ पानावर जाऊन अपडेट पुन्हा करा. आवृत्ती नवी दिसत असेल तर तिथल्याच ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ बटणाने तीच आवृत्ती परत बसवा.

‘दुसरं अपडेट सध्या सुरू आहे’ असा संदेश आला तर ते आधीच्या प्रयत्नाचं कुलूप आहे. पंधरा मिनिटांत ते निकामी होतं. चहा पिऊन या.

साइट पांढरी पडली किंवा ‘गंभीर चूक’ असा मजकूर आला तर प्रशासकाचा मेल उघडा. मे २०१९ मधल्या ५.२ पासून अशा वेळी वर्डप्रेस कुठल्या प्लगइनने किंवा थीमने मान टाकली ते कळवतं आणि आत शिरायची खास लिंक देतं. मेल आला नाही तर फाइल मॅनेजरमधून ‘प्लगइन्स’ फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगइन एकदम बंद पडतील. साइट उघडली तर दोष तिथेच आहे. डॅशबोर्डमधलं प्लगइनचं पान एकदा उघडा, मग फोल्डरचं नाव पूर्ववत करा आणि तिथूनच एकेक चालू करत जा.

डिबग लॉग (चुकांची नोंद ठेवणारी फाइल) चालू करूनही चुकीची नेमकी ओळ मिळते. मात्र चुका पडद्यावर दाखवण्याचा पर्याय बंदच ठेवा, आणि काम झालं की लॉगही बंद करून ती फाइल काढून टाका. नेहमीच्या जागी असलेला तो लॉग अनेक सर्व्हरवर पत्ता ठाऊक असलेल्या कुणालाही वाचता येतो.

बटणाने काहीच होत नसेल तर हाताने करायचं. वर्डप्रेसच्या अधिकृत साइटवरून झिप उतरवा, सोडवा. सर्व्हरवरची ‘डब्ल्यूपी-अॅडमिन’ आणि ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’ ही दोन फोल्डर पूर्ण काढून नवी ठेवा, मूळ फोल्डरमधल्या सुट्या फाइलींवर नव्या फाइली चढवा. ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डर आणि कॉन्फिग फाइल यांना हात लावायचा नाही. मग डॅशबोर्डचा पत्ता उघडला की उरलेलं काम ते स्वतः विचारून करतं.

जुन्या आवृत्तीवर परत जाणं हा शेवटचा उपाय. सुरक्षेच्या अपडेटनंतर तर तो टाळाच, कारण बुजवलेलं भोक तुम्ही स्वतःच्या हाताने उघडत असता. अडचण एखाद्या प्लगइनमुळे असेल तर वर्डप्रेस मागे नेण्याऐवजी ते प्लगइन बंद ठेवा.

सगळं सुरळीत झाल्यावर फाइल मॅनेजर पुन्हा एकदा उघडा. घाईगडबडीत साइटच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवलेली बॅकअपची झिप, नाव बदलून ठेवलेली कॉन्फिग फाइलची जुनी प्रत, डेटाबेसची एसक्यूएल फाइल, असलं काही तिथे पडलेलं असेल तर आपल्या संगणकावर हलवा आणि सर्व्हरवरून काढून टाका. ‘बॅकअप’, ‘साइट’, ‘जुनं’ अशी नावं अंदाजाने टाकून बघणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) दिवसरात्र फिरत असतात, आणि त्यांच्या हाती कॉन्फिग फाइलची प्रत लागली तर तुमचा डेटाबेसचा पासवर्डही लागतो.